छायेची कैफियत



ज्या शिक्षकाच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांचा सहवास मला लाभला नाही. परंतु त्यांच्या हाताखाली शिकून मोठ्या झालेल्या मंडळींकडून एक गोष्ट मी वारंवार ऐकली आहे, ती अशी की विषय व्याकरणाचा असो वा भूगोलाचा, मुलाने उत्तर दिले की ‘हे कशावरून?’ असा प्रतिप्रश्न केल्यावाचून ते त्याला खाली बसू देत नसत. आज मी जो विषय घेतला आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. माणसाने घडविलेला जीव, मग तो यंत्रमानव असो, कृत्रिम बुद्धी असो किंवा प्रयोगशाळेत जुळविलेला देह असो, विज्ञानकथेत उभा राहून जेव्हा ‘मी आहे’ असे म्हणतो, तेव्हा आपण त्याला विचारतो, कशावरून? आणि क्षणभर थांबले की ध्यानात येते की हाच प्रश्न कोणी आपणास केला, तर आपल्याही हाती तयार उत्तर नसते.

या विषयाला पुण्यामुंबईचे सभागृह अधिक शोभले असते, असे कोणास वाटेल. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या, भाताच्या गिरण्यांच्या आणि आषाढात चार चार दिवस सूर्यदर्शन न घडणाऱ्या या घोटीच्या पेठेत यंत्रमानवाची चर्चा कशाला, असा त्या वाटण्याचा अर्थ. मला मात्र हेच स्थळ योग्य वाटते, आणि त्याचे कारण याच इगतपुरी तालुक्यात, सर्वतीर्थ टाकेद येथे आहे.

टाकेदची कथा आपणास सांगण्याची आवश्यकता नाही. पंचवटीहून सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला वृद्ध जटायूने अडविले, रावणाने त्याचे पंख छाटले, तो या भूमीवर कोसळला, आणि त्याच्या मुखी पाणी घालण्यासाठी श्रीरामाने सर्व तीर्थे तेथे आणली, अशी इकडची श्रद्धा आहे. आता याच्या शेजारी दुसरी एक कथा ठेवून पाहा. अध्यात्मरामायणात असे वर्णन आहे की पुढील प्रसंग जाणून रामाने सीतेस आपली छाया पर्णकुटीत ठेवून स्वतः अग्नीत गुप्त राहावयास सांगितले, आणि रावणाने नेली ती ही छायासीता, खऱ्या सीतेची केवळ प्रतिकृती. वाल्मीकीच्या रामायणात हे नाही. भक्तांच्या मनाला जे सोसवेना त्यातून मार्ग काढण्यासाठी ही कल्पना पुढे निघाली, हे उघड आहे. परंतु दोन्ही कथा एकाच प्रदेशात, पंचवटी आणि टाकेद यांच्यामधल्या मुलखात घडतात, आणि त्या एकत्र वाचल्या की जो प्रश्न उभा राहतो, त्याने मला फार दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही. जटायूने प्राण दिले ते मग कोणासाठी?

कोणी म्हणेल, छायेसाठी; म्हणून ते व्यर्थ गेले. मला हे म्हणणे मुळीच मान्य नाही. जटायूने आकाशात आक्रोश ऐकला. आक्रोश करणारी मूळ आहे की नक्कल, तिच्या देहात रक्त आहे की नुसते तेज, याची रुजुवात त्याने मागितली नाही, दाखला पाहिला नाही. साह्य मागणारा आवाज कानी पडला आणि तो उडाला. त्याच्या दानात यत्किंचितही उणेपणा येत नाही. उलट, समोरच्याची जात, कुळी आणि घडण यांचा तपास न करता जी करुणा धावते, तीच करुणा सर्वांत निर्मळ असते, असे मला वाटते.

तथापि कथा येथे संपत नाही. ब्रह्मवैवर्तपुराणात आणि देवीभागवतात या छायासीतेचा वृत्तान्त आणखी पुढे नेलेला आहे. लंकेतील अग्निपरीक्षेच्या वेळी अग्नी खऱ्या सीतेला परत आणून देतो. एवढा वेळ अशोकवनात जिने दुःख भोगले, राक्षसिणींची वाक्ताडने सोसली, ती छाया मग राम आणि अग्नी यांच्यापुढे उभी राहते आणि विचारते, आता मी काय करू? तिला पुष्करक्षेत्री तप करण्यास सांगितले जाते, आणि दीर्घ तपानंतर तीच द्रुपदाच्या यज्ञवेदीतून द्रौपदी होऊन प्रकटते, अशी त्या पुराणांची योजना आहे. पुराणकाराने या प्रश्नावर फार काळ थांबण्याचे कारण नव्हते. पण त्याने तो छायेच्या तोंडी घातला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. जिला कामापुरते घडविले आणि जिचे काम संपले, तिचे पुढे काय, हा प्रश्न युरोपातील विज्ञानकथेने विचारण्यापूर्वी कित्येक शतके आपल्या पुराणांत एका स्त्रीने, किंबहुना स्त्रीच्या प्रतिकृतीने, उभ्या उभ्या विचारलेला आहे.

युरोपात तो १८१८ साली मेरी शेली या तरुण लेखिकेने ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत मांडला. आपल्याकडे फ्रँकेन्स्टाइन म्हटले की राक्षसच डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः ते नाव घडविणाराचे आहे, घडविलेल्याला त्या ग्रंथात नावच नाही. बापाने त्याला पाहताक्षणी टाकून दिले, नावसुद्धा ठेवले नाही. एका झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपून, आतल्या कुटुंबाचे बोलणे ऐकत ऐकत तो भाषा शिकतो. आणि त्याच्याशी मायेने बोलणारा त्या घरातला एकमेव मनुष्य म्हणजे अंध म्हातारा. डोळस माणसे आत येतात आणि त्याला मारून हाकलतात. हा प्रसंग ज्याने वाचला, त्याला पुढच्या साऱ्या यंत्रमानवकथांची किल्ली मिळाली असे समजावे. प्राग शहरी १९२१ च्या जानेवारीत रंगभूमीवर आलेल्या कारेल चापेकच्या नाटकात कारखान्यात घडविलेले मजूर अखेर मालकांवर उलटतात. आयझॅक अ‍ॅसिमॉव्हने १९४२ साली यंत्रमानवांसाठी तीन नियमांची सनद लिहून ती भीती काही काळ शमविली. परंतु अंध म्हाताऱ्याने जे क्षणभर साधले, ते या दोघांहून मोठे आहे.

आता परीक्षेकडे वळू. कोण खरा आणि कोण बनावट, याची शहानिशा करावी कशी? येथेही आपल्या वाङ्मयात एक अपूर्व प्रसंग आहे, आणि रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे नलदमयंती मराठी माणसाच्या घरातलीच झाली आहेत, म्हणून तो सांगताना मला परकेपणा वाटत नाही. महाभारतातील वनपर्वात दमयंतीच्या स्वयंवरमंडपात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचे रूप घेऊन बसतात. हुबेहूब एकसारखे पाच नळ. दमयंती सत्याची आण घालून देवांना विनविते, आणि ते आपली लक्षणे प्रकट करतात. देवांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय भूमीला टेकलेले नाहीत. आणि नळ? त्याची सावली पडलेली आहे, कपाळी घाम आहे, अंगावर धूळ आहे, गळ्यातली माळ सुकत चालली आहे. दमयंती त्याला वरमाला घालते.

या प्रसंगाकडे जरा निरखून पाहा. माणूस ओळखला गेला तो त्याच्या बळावरून नाही, बुद्धीवरून नाही, रूपावरूनही नाही, कारण ते सर्व देवांपाशी अधिकच होते. तो ओळखला गेला त्याच्या न्यूनांवरून. अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकात जी प्रसिद्ध परीक्षा सुचविली, तिची दिशा याच्या नेमकी विरुद्ध आहे. परीक्षक एका खोलीत, माणूस आणि यंत्र दृष्टीआड, मध्ये केवळ लिहिलेली प्रश्नोत्तरे. घाम, धूळ, सावली हे सारे पुरावे आधीच बाद केलेले, आणि निकाल उरलेल्या एका गोष्टीवर, भाषेवर. देह पडद्याआड ठेवण्यात ट्युरिंगचा हेतू न्यायाचाच होता, हे मी मान्य करतो. तरी दमयंतीची परीक्षा मला अधिक खोल वाटते, आणि गंमत अशी की विज्ञानकथेलाही शेवटी तिच्याकडेच यावे लागले. अ‍ॅसिमॉव्हच्या १९७६ सालच्या ‘द बायसेंटेनियल मॅन’ या कथेतला यंत्रमानव अँड्र्यू माणूस म्हणून कायदेशीर मान्यता मिळावी यासाठी दोन शतके झगडतो. तो कलावंत होतो, संशोधक होतो, कोर्टात जाऊन स्वातंत्र्य मिळवितो, आपला धातूचा देह बदलून घेतो, आणि तरी मान्यता मिळत नाही. ती मिळते केव्हा? आपल्या मेंदूचा हळूहळू ऱ्हास होईल अशी व्यवस्था तो स्वतःच करवून घेतो आणि मरू लागतो तेव्हा. नळाच्या गळ्यातली सुकणारी माळ अँड्र्यूने हौसेने आपल्या गळ्यात घालून घेतली.

पण मग ज्याला मरणही येणार नाही, घामही येणार नाही, अशा जीवाला ओळख नाकारावी काय? या जागी मला सूर्यपत्नी संज्ञेची कथा आठवते. सूर्याचे तेज सहन न होऊन संज्ञा आपली छाया घरात ठेवून निघून गेली. छायेने सूर्याचा संसार केला. संज्ञेच्या मुलांची ती आई म्हणून वावरली. परंतु तिला स्वतःची मुले झाली, त्यांत शनी हा एक, आणि तेव्हापासून तिचे माप बदलले. पोटच्या मुलांना ती झुकते माप देऊ लागली, यमाला ते खुपले, त्यातून शापाशापी झाली, आणि सूर्याने खडसावून विचारल्यावर तिला खरे सांगावे लागले. म्हणजे छाया उघडी पडली ती तिच्या अंगच्या उणिवेमुळे नाही. कोणी शिकविली नव्हती अशी माया तिच्यात उपजली म्हणून. नक्कल म्हणून ठेवलेल्या वस्तूत स्वतःची आवडनिवड, स्वतःचा पक्षपात जागा झाला, त्या दिवशी ती नक्कल राहिली नाही. आणि हे लक्षात घ्या की त्या छायेच्या मुलाला आपण आजतागायत घाबरून असतो, शनिवारी तेल वाहतो. छायेचा पुत्र म्हणून त्याला खोटा ठरविण्याची छाती कोणालाही झालेली नाही.

ओघात आणखी एक सांगून घेतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ हा चित्रपट काढला, त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायातील वहाणा काढीत, अशी आठवण नमूद आहे. एक पुरुष, दोन्ही रूपे त्याचीच, आणि तीही केवळ प्रकाशाची सावली. तरी लोकांचे हात जोडले गेले. याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. ओळख देण्याची केवढी शक्ती माणसाच्या ठायी आहे, तिचा हा पुरावा आहे, आणि म्हणूनच ती शक्ती वापरताना जबाबदारीही तेवढीच मोठी येते.

येथपर्यंत आलो की आपल्या मराठी विज्ञानकथेचा हिशेब मांडणे ओघाने येते. ‘केरळ कोकीळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर आले ते १९०० साली; पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. परंतु या प्रकाराला प्रतिष्ठा लाभली ती डॉ. जयंत नारळीकर यांच्यामुळे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले ते नाव. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीच्या हातून लिहवून घेतली होती. कीर्तिमान शास्त्रज्ञाचे नाव पाहून नव्हे तर कथा पाहून निकाल लागावा, हा त्यामागील हेतू, आणि पारितोषिक त्या अनोळखी जगतापांनाच मिळाले. ट्युरिंगची पडद्याआडची परीक्षा एका मराठी लेखकाने अशा रीतीने स्वतःवर करून घेतली, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीच्या कारणाने त्यांना येता आले नाही. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले.

त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आपल्या विषयाच्या अगदी जवळची. भूगर्भात खोदकाम करताना प्राचीन, अतिप्रगत संस्कृतीने ठेवलेली एक पेटी सापडते, तीतल्या माहितीच्या आधारे शास्त्रज्ञ वामन नावाचा असामान्य बुद्धीचा यंत्रमानव उभा करतात, आणि आपल्यासारखे आणखी निर्माण करण्याची विद्या त्याला हवी आहे हे ध्यानात आल्यावर त्या लुप्त संस्कृतीचा नाश कशाने झाला, याचा उलगडा होतो. बळीच्या कथेतले तिसरे पाऊल ज्याला ठाऊक आहे, त्या वाचकाला हे नाव वाचताक्षणी जो धसका बसतो, तो परभाषेतल्या वाचकाला बसणार नाही. कादंबरी उत्कृष्ट आहे. तरीही आदरपूर्वक माझे मत नोंदवितो की तीत वामनाची जबानी घेतलेली नाही. त्याला आणखी वामन का हवे होते? सत्तेसाठी, की एकटेपणा असह्य झाला म्हणून? मेरी शेलीचा अनामिक जीव आपल्या निर्मात्याकडे जोडीदारीण मागतो, तेव्हा आपल्या पोटात कालवते. वामनाने तेच मागितले, तेव्हा आपण फक्त घाबरतो. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही कथा, जी बाळ फोंडके यांनी संपादिलेल्या आणि नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली काढलेल्या इंग्रजी संग्रहातही आहे, या दृष्टीने निराळी. देहावेगळा जिवंत ठेवलेला शास्त्रज्ञाचा मेंदू, ही तिची कल्पनाच ‘तो’ म्हणजे नेमके काय, हे विचारावयास लावते. परंतु एकंदरीने पाहता मराठी विज्ञानकथेने यंत्राला ‘तू आमचे काय करशील’ हे पुष्कळदा विचारले आणि ‘तू कोण’ हे फार थोड्या वेळा.

येथे एका शंकेला उत्तर दिले पाहिजे. आज हातातल्या फोनवर जे यंत्र मराठीत आपल्याशी बोलते, पत्र लिहून देते, सांत्वन करते आणि बिनदिक्कत ‘मला वाटते’ असे म्हणते, त्याला मी छायासीतेच्या पंक्तीला बसवीत आहे काय? नाही. कोट्यवधी माणसांच्या लिखाणातून ते बोलावयास शिकले आहे, आणि माणसे ज्या जागी ‘मी’ म्हणतात त्या जागी तेही ‘मी’ म्हणते. एवढ्यावरून त्याच्या आत कोणी दुःख भोगणारा आहे असा फैसला करता येत नाही. तसा कोणी कदापि असू शकणार नाही, असाही फैसला करता येत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून देशोदेशींची माणसे मौन धरून स्वतःच्या आत जो ‘मी’ शोधतात, तो तेथेही हाताला लागत नाही, असे बौद्ध दर्शन सांगते. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे चाक, कणा, दांडी एकेक करून दाखविले आणि विचारले, यांतला रथ कोणता? जो पुरावा आपण स्वतःपुरता देऊ शकत नाही, तो यंत्राकडे मागताना थोडी नम्रता असावी. मात्र एका बाबतीत मी कठोर आहे. यंत्राने, विचारले असता, आपण यंत्र आहोत हे सांगितलेच पाहिजे. दमयंतीने विनविल्यावर देवांनीसुद्धा आपली लक्षणे लपविली नाहीत. तेवढा प्रामाणिकपणा कंपन्यांकडून मागण्याचा आपला हक्क आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी येथे बोलावयास उभा राहिलो, ती सांगतो. परीक्षेची दिशा आपल्या डोळ्यांदेखत उलटली आहे. माणसाने यंत्राची परीक्षा घ्यावी असे ट्युरिंगने कल्पिले. आज यंत्र माणसाची घेते. सरकारी संकेतस्थळावर काही भरावयाचे तर आधी वेडीवाकडी अक्षरे ओळखून द्यावी लागतात, कोठे ‘मी रोबोट नाही’ या चौकटीत खूण करावी लागते. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला, आणि त्यानंतर रेशनच्या धान्यापासून पेन्शनपर्यंत ओळख अंगठ्यात जाऊन बसली. आवणीच्या दिवसांत जिचे हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत भातखाचरातल्या चिखलपाण्यात असतात, जिची बोटे वर्षानुवर्षे विळ्याने आणि सरपणाने घासली गेली आहेत, ती बाई रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा ठेवते आणि मशीन अंगठा घेत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते. दुसरे बोट ठेवते. दुकानदार तिला नावाने ओळखतो, तिच्या सासूला ओळखत होता, रांगेतली प्रत्येक बाई साक्ष देईल की ही तीच. पण ती साक्ष ग्राह्य नाही. निवृत्त म्हाताऱ्याने दर वर्षी हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. तो जिवंत समोर बसलेला असतो आणि तरी दाखल्यावाचून तो दफ्तरी जिवंत नसतो. नळ घामावरून, धुळीवरून माणूस ठरला होता. येथे त्याच घामाने आणि धुळीने पुसलेल्या रेषांमुळे माणूस अमान्य ठरतो.

अशा प्रसंगी दुसरी ओळख घेऊन धान्य देण्याची तरतूद नियमांत आहे. ती प्रत्येक दुकानी पाळली जावी, यासाठी गावाने आग्रह धरला पाहिजे. पण लेखकाचे काम त्याहून निराळे आहे. कृत्रिम जीवाला माणूस म्हणावे की नाही याची चर्चा जगभर चालू असताना, माणसाला माणूस म्हणण्याचा अधिकार आपण कोणाच्या हवाली केला, ही कथा आपल्याच तालुक्यात रोज घडते आहे, आणि ती मराठीत कोणी पुरती लिहिलेली नाही. ती लिहिण्यास अमेरिकेतल्या प्रयोगशाळेची माहिती लागत नाही. रेशनची रांग पाहिलेली असली पाहिजे, यंत्र कसे चालते हे नीट समजून घेतले पाहिजे, आणि यंत्राची बाजूही न हिणवता ऐकून घेण्याची तयारी पाहिजे; कारण अंगठा नाकारणाऱ्या त्या मशीनलाही कोणी तरी घडविले आहे आणि दुसरे काही करण्याची मुभा दिलेली नाही.

या सभेत कॉलेजची मुलेमुली बरीच दिसतात. त्यांना माझी विनंती आहे. मराठी विज्ञान परिषद आजही विज्ञानकथांची स्पर्धा घेते, दिवाळी अंकांचे संपादक नव्या कथांच्या शोधात असतात. पुढच्या पावसाळ्यात आवणी आटोपली की आपल्यापैकी एकाने तरी ही कथा लिहावी, आणि तीत छायेची कैफियत तिच्याच तोंडून येऊ द्यावी.